मुरुमांसाठी चार ट्यूबा घरात आहेत, त्यातली कोणती लावायची?

एका आईंचा प्रश्न आहे. मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहते. दोन वर्षांपासून कपाळावर बारीक पुळ्या, गालांवर कायम आठ-दहा लाल पुटकुळ्या, आणि बसलेल्या प्रत्येक पुटकुळीच्या जागी काळा डाग. घरात चार ट्यूबा जमल्या आहेत: मेडिकलवाल्यानं दिलेलं क्लिंडामायसिन जेल, मैत्रिणीनं सुचवलेलं अडीच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड, एका डॉक्टरांनी लिहिलेलं ॲडापलीन आणि अलीकडे मागवलेलं ॲझेलेइक ॲसिड. प्रत्येक ट्यूब दोन-तीन आठवडे लावून सोडून दिली. आता होस्टेलमधल्या एका मुलीचा चेहरा कुठल्याशा क्रीमनं आठवड्यात साफ झाला म्हणे. तेच आणावं, की या चारांतलं काही खरंच चांगलं आहे, असं त्या विचारतात.

ताई, ते पाचवं क्रीम आणू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच मुलीला फोन करून सांगा. आठवड्यात चेहरा साफ आणि वर उजळही झाला, असं कोणी सांगितलं की माझ्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची येते. त्या ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सांगा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं, तर ते मुरुमांचं औषध नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र असलेली क्रीमं तर गोरेपणाची म्हणून सर्रास खपतात.

स्टेरॉइडनं सूज आणि लाली झटक्यात दबते, म्हणून सुरुवातीला सगळे खूश असतात. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, एकसारख्या दिसणाऱ्या पुळ्यांचं नवं पीक येतं. क्रीम थांबवलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांत ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कोणीतरी सुचवलेलं होतं. २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले आणि ही क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. तरीही काउंटरवर नुसतं नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते, आणि अशा मुली दर आठवड्याला माझ्यासमोर बसलेल्या असतात. साधे मुरूम मी काही महिन्यांत आटोक्यात आणू शकतो. स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा सावरायला कधी कधी वर्ष जातं.

आता तुमच्या चार ट्यूबांकडे येतो. त्यांतली सर्वांत चांगली कोणती, या प्रश्नाला एका नावाचं उत्तर मिळत नाही, कारण चौघींची कामं वेगळी आहेत. मुरूम तयार कसा होतो ते थोडक्यात सांगितलं, की निवड आपोआप कळेल.

वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमारास केसाच्या छिद्राच्या तोंडाशी कातडीच्या पेशी नीट गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि बूच बसल्यासारखं तोंड बंद होतं. ही झाली कपाळावरची बारीक, कातडीच्याच रंगाची पुळी. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर तेच काळं दिसतं, ते ब्लॅकहेड. तो काळेपणा रंगद्रव्याचा असतो, मळाचा नव्हे. त्यामुळे मुलीला ‘तोंड नीट धूत नाहीस’ असं कोणी म्हणत असेल, तर कृपा करून थांबवा. बंद छिद्रात तेलावर जगणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी लढायला लागतं, आणि मग लाली, सूज, पू. एक पुटकुळी डोळ्यांना दिसायच्या कित्येक आठवडे आधी तिचं बूच आत तयार झालेलं असतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, तर पुढचं जवळजवळ सगळं तिच्यातूनच निघतं.

बूच उघडणारं आणि नवं बसू न देणारं औषध म्हणजे रेटिनॉइड. तुमच्याकडचं ॲडापलीन त्याच घराण्यातलं. घराण्यातलं थोरलं ट्रेटिनॉइन. त्याला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली, ॲडापलीनला १९९६ मध्ये. ट्रेटिनॉइन प्रभावी आहे पण नाजूक: उन्हात त्याचं विघटन होतं आणि बेंझॉइल पेरॉक्साइड सोबत लावलं तर बहुतेक प्रकारांत ते निकामी होतं. ॲडापलीन या दोन्हींत टिकतं. १९९८ मध्ये पाच चाचण्यांमधल्या ९०० रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. ०.१ टक्के ॲडापलीन जेल आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन जेल गुणाला बरोबरीचे ठरले, मात्र ॲडापलीननं आग आणि साल निघणं कमी होतं. म्हणून नव्या रुग्णाला मी ॲडापलीनच लिहितो. ट्रेटिनॉइन तेव्हाच, जेव्हा कातडी जाड, तेलकट आहे आणि रुग्ण सूचना पाळणारा आहे. टॅझारोटीन या दोघांहून तिखट आहे, त्याची गरज तुमच्या मुलीला नाही. आणि बाजारातल्या सीरममधलं रेटिनॉल म्हणजे ॲडापलीन नव्हे. नाव सारखं वाटतं, पण मुरुमांवर त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

जिवाणू मारायचं काम बेंझॉइल पेरॉक्साइडचं. ते ऑक्सिजन सोडून जिवाणूंना मारतं, आणि या माऱ्याला सरावलेले, दाद न देणारे जिवाणू आजवर दिसलेले नाहीत. इतक्या जुन्या औषधाबद्दल असं म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे. लोक दहा टक्क्यांची ट्यूब मागतात, कारण आकडा मोठा. १९८६ मध्ये १५३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अडीच टक्क्यांचं जेल लाल पुटकुळ्या कमी करण्यात पाच आणि दहा टक्क्यांच्या बरोबरीनं चाललं आणि दहा टक्क्यांपेक्षा त्रास कमी झाला. चेहऱ्याला अडीच टक्के पुरे. पाठीवर, छातीवर मुरूम असतील तर पाच टक्क्यांचा वॉश लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि धुवायचं. एक तोटा आधीच सांगून ठेवतो: हे औषध कापडाचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा, ओढणी, भावाचा निळा टॉवेल, सगळ्यावर फिकट डाग पडतात. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा ठेवा. थोड्या लोकांना याची खरी ॲलर्जीही असते. डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, खाज आणि पाणी सुटलं, तर ते साधं चुरचुरणं नाही. औषध बंद करायचं.

२०२४ मध्ये एका अमेरिकी प्रयोगशाळेनं या औषधाच्या काही उत्पादनांत बेंझीन हे कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन सापडल्याचं जाहीर केलं, त्याच्या बातम्या तुमच्याही वाचनात आल्या असतील. तिथल्या एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेनं मग ९५ उत्पादनं तपासली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत ते आढळलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं. मोजकी काही परत मागवली गेली. उष्णतेनं हे औषध बिघडतं, एवढं मात्र खरं. ट्यूब खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, मुदत संपलेली वापरू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर घरातली सगळ्यात थंड जागा तिला द्या.

तिसरी ट्यूब क्लिंडामायसिनची. ही बाजूला ठेवा. औषध वाईट नाही. लाल, दुखऱ्या पुटकुळ्यांवर ते चालतं आणि झोंबत नाही, म्हणूनच मेडिकलवाला पहिल्यांदा हेच देतो. पण हे अँटिबायोटिक आहे, आणि एकटंच महिनोन्‌महिने लावलं तर जिवाणू त्याला सरावतात. मग ते जेल उपयोगाचं राहत नाही, आणि असे सरावलेले जिवाणू घरातल्या इतरांच्या त्वचेवरही जातात. एरिथ्रोमायसिन या जुन्या अँटिबायोटिकची गत आपण अशीच करून ठेवली. क्लिंडामायसिनसोबत निकोटिनामाइड असलेली जेल आपल्याकडे खूप चालतात. निकोटिनामाइडनं लाली थोडी कमी होते, पण जिवाणूंचं सरावणं त्यानं थांबत नाही. ते थांबवायला बेंझॉइल पेरॉक्साइडच सोबत लागतं. लाल पुटकुळ्या फार असतील तर मी ही जोडी आठ-बारा आठवड्यांपुरती देतो आणि मग क्लिंडामायसिन काढून घेतो. आठ-दहा पुटकुळ्यांना त्याची गरज नाही.

चौथं ॲझेलेइक ॲसिड. मला हे औषध मनापासून आवडतं, आणि आपल्या कातडीच्या रंगाच्या लोकांना ते जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे. ते बूच थोडं उघडतं, जिवाणू थोडे मारतं, सूज थोडी उतरवतं आणि डागांचा काळेपणाही कमी करतं. चारही कामं करतं, पण मुरुमांच्या बाबतीत प्रत्येक काम हळू. गरोदरपणात वापरता येण्याजोगं हे औषध आहे, हा त्याचा मोठा गुण. ज्यांचं लग्न होऊन मूल हवं आहे त्यांना मी रेटिनॉइड लावू देत नाही, तिथं ॲझेलेइक आणि थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड यांच्यावर भागवतो. १० ते २० टक्क्यांपर्यंतच्या ताकदींत ते मिळतं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं मुंग्या चावल्यासारखं वाटतं, ते बहुतेकांना दोन आठवड्यांत सवयीचं होतं.

सॅलिसिलिक ॲसिडचा दोन टक्क्यांचा फेसवॉश चालेल, पण फक्त त्यावर विसंबू नका. डॅप्सोन जेल मोठ्या वयाच्या बायकांच्या लाल मुरुमांवर बरं, मात्र बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत लावलं तर चेहऱ्यावर नारिंगी डाग दिसतात. क्लास्कोटेरोन हे हार्मोनचा परिणाम त्वचेतच अडवणारं नवं क्रीम, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेलं. ते महाग आहे, पहिल्या उपचाराचं नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात आणि अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या शिफारशींत मुख्य सूर एकच आहे: वेगवेगळ्या जागी काम करणारी औषधं जोडीनं द्या, अँटिबायोटिक एकटं देऊ नका. ‘नाइस’नं तर पहिला टप्पा सरळ १२ आठवड्यांचा सांगितला आहे. तुमच्या मुलीच्या कपाळावर बूचं आहेत आणि गालांवर लाली, म्हणजे तिला ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही जोडी हवी. दोन्ही तुमच्या घरात पडून आहेत. फक्त मुदत तपासा.

आणि आता खरी गोष्ट, लावायचं कसं. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी ट्रेटिनॉइन लिहून द्यायचो, ‘रोज रात्री लावा’ म्हणायचो आणि पुढचा रुग्ण बोलवायचो. अनेक जण परत आलेच नाहीत. ते बरे झाले असतील असं मी धरून चाललो होतो. पुढे त्यांतल्याच एका मुलीची आई दुसऱ्या कामासाठी आली आणि म्हणाली, “डॉक्टर, तिचा चेहरा आठ दिवसांत सोलून निघाला, आम्ही ट्यूब फेकून दिली.” त्या दिवसापासून औषध लिहायला मला जितका वेळ लागतो, त्याच्या तिप्पट वेळ मी ते लावायचं कसं हे सांगण्यात घालवतो.

रात्री साध्या, सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवायचा, टॉवेलनं न घासता टिपायचा, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ओल्या कातडीत रेटिनॉइड जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. मग वाटाण्याएवढं ॲडापलीन बोटावर घ्यायचं. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल असे पाच ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडून. पुटकुळीवर टिकली लावल्यासारखं लावायचं नाही. मघाशी म्हटलं तसं, पुढच्या महिन्यातली पुटकुळी आज कुठं तयार होते आहे हे दिसत नाही, म्हणून तो सगळा भाग झाकायचा असतो. घरच्या घरी ओळखायची खूण सांगतो: १५ ग्रॅमची ट्यूब रोजच्या वापरात साधारण दीड-दोन महिने पुरते. चार महिने पुरली तर टिकल्या लावल्या जात आहेत, पंधरा दिवसांत संपली तर थापलं जातंय.

पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र. कोरडं पडलं तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग ॲडापलीन, मग पुन्हा मॉइश्चरायझर. यानं औषधाचा जोर थोडा कमी होतो, पण मुलगी ते सोडत नाही, आणि माझ्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं. ‘आधीच तेलकट चेहरा, त्यावर आणखी क्रीम कशाला’ असं ती म्हणेल. जेलच्या स्वरूपातला, छिद्रं न बुजवणारा मॉइश्चरायझर घ्या. बेंझॉइल पेरॉक्साइड पहिले दोन आठवडे आणूच नका मध्ये. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी, तेही पातळ, आणि त्यावर सनस्क्रीन. सनस्क्रीनचा आग्रह गोरेपणासाठी नाही. उन्हानं ते काळे डाग पक्के होतात, आणि आपल्याकडे मुरुमांपेक्षा डागांनीच मुली जास्त खचलेल्या असतात.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पुटकुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटू शकतात. कातडी लालसर होते, हनुवटीजवळ पापुद्रे निघतात. तुमच्या मुलीनं चारही ट्यूबा नेमक्या याच सुमारास सोडल्या. हा काळ ओलांडायचा आहे. लाल पुटकुळ्यांत फरक चार आठवड्यांच्या आसपास दिसू लागतो, कपाळाच्या बारीक पुळ्यांना आठ ते बारा आठवडे लागतात. आरशात रोज पाहून काही कळत नाही. पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात तीन फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि पुढचे महिन्यानं, त्याच जागी.

ॲझेलेइकची ट्यूब जपून ठेवा. बारा आठवड्यांनी नव्या पुटकुळ्या थांबल्या आणि डाग उरले, तर सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जागी ती सुरू करता येईल. नवे मुरूम चालू असताना डागांच्या मागे लागणं म्हणजे छत गळत असताना भिंत रंगवणं. डाग हे महिन्यांच्या हिशेबानं फिके होतात. खड्डे मात्र क्रीमनं भरत नाहीत, म्हणूनच पुटकुळी फोडू नको हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

घरगुती गोष्टींबद्दलही विचाराल, म्हणून सांगतो. लिंबू नको, त्यावर ऊन पडलं तर चेहरा भाजल्यासारखा काळा होतो. टूथपेस्ट नको. मुलतानी मातीनं तेल तात्पुरतं टिपलं जातं, पण ॲडापलीन चालू असताना कातडी आधीच कोरडी असते, तेव्हा तीही नको. केसांना तेल चापून लावून कपाळापर्यंत ओघळू देण्याची आपली सवय कपाळाच्या पुळ्यांना खतपाणी घालते. लावायचंच तर धुण्याआधी तासभर, केस मागे बांधून. पुण्यात स्कूटीवर चेहऱ्याला घट्ट स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्या मुलींच्या गालांवर आणि हनुवटीवर घामानं आणि घासून मुरूम वाढतात. स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला. पोट साफ नाही, रक्त बिघडलं, म्हणून मुरूम येतात असं नाही. गोड, मैद्याचे पदार्थ आणि जिममधली व्हे प्रोटीनची पावडर यांनी काही जणांना वाढतात, तेवढं कमी करून पाहायला हरकत नाही.

आणखी एक. कपाळावर आणि छाती-पाठीवर सगळ्या एकसारख्या, खाजणाऱ्या पुळ्या असतील, तर तो मुरूमच नसून केसांच्या मुळांतला यीस्टचा संसर्ग असू शकतो. दमट हवेत, मुंबई-कोकणात, तो पुष्कळ दिसतो, आणि अँटिबायोटिक जेलनं वाढतो. मुरूम सहसा खाजत नाहीत.

चेहरा साफ झाला की ॲडापलीन एकदम बंद करू नये. आठवड्यातून दोन-तीन रात्री, कित्येक महिने, ते चालू ठेवावं लागतं, कारण बूच बसण्याची प्रवृत्ती तिथंच असते.

बारा आठवडे नीट लावूनही निम्मा फरक पडला नाही, किंवा त्याआधीच खोल, दुखऱ्या गाठी आल्या, खड्डे पडू लागले, पाळी अनियमित असून हनुवटीवर केस वाढले, तर वाट पाहू नका. तिथं लावायच्या औषधांची मर्यादा संपते, पोटातून औषध लागतं. घरात तुम्हाला किंवा तिच्या वडिलांना मुरुमांचे खड्डे राहिले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरून आम्ही लवकर पाऊल उचलतो. आणि मुलगी मैत्रिणींत जायचं टाळते, फोटो काढू देत नाही, असं दिसत असेल, तर पुटकुळ्या पाचच असल्या तरी दाखवायला आणा. येताना चारही ट्यूबा, आणि होस्टेलमधलं ते क्रीम तिनं एकदा जरी लावलं असेल तर तेही, पिशवीत घालून आणा. ते लावलं म्हणून तिला रागावू नका, म्हणजे ती खरं सांगेल.